टिकलीएवढं औषध

औषध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी येतात. गोळी, बाटली आणि सुई. चौथी वाट आपण रोज वापरतो, पण तिला औषधाची वाट म्हणून ओळखत नाही. ती म्हणजे आपली कातडी. सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी, डोकं धरलं की सुंठीचा लेप, गुडघा सुजला की गरम केलेलं एरंडाचं पान. हे सगळं आपल्या आज्या-पणज्यांनी केलं आणि आपणही करतो. पण लेप लावल्यावर त्यातलं आत किती गेलं, हे कोणी विचारत नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता, कारण मोजायला साधन नव्हतं.

गेली पन्नासएक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत नेमका हाच प्रश्न विचारला जातोय. कातडीतून औषध जातं का, एवढंच नव्हे, तर किती जातं आणि किती वेळात जातं? हा प्रश्न शास्त्रज्ञांचा वाटेल, पण खरं सांगते, तो आपल्या स्वयंपाकघराचा, न्हाणीघराचा आणि कपाटातल्या मलमाच्या ट्यूबचाही आहे.

मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून कंधारच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. सासूबाईंच्या आजारपणात एक छोटीशी औषधाची पट्टी आमच्या घरात आली, आणि तिच्यामुळे मी या विषयाच्या मागे लागले. जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं आणि घरात पाहिलं, ते तुम्हांला सांगते.

आधी आपल्या ओळखीच्या दोन गोष्टी घेऊ. मेंदी आणि ठेचा.

मेंदी काढली की रंग चढतो, तो आठवडा-दोन आठवडे राहतो आणि हळूहळू उडून जातो. असं का? मेंदीचा रंग कातडीच्या अगदी वरच्या थरात अडकतो. हा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो खालून सतत नवा येतो आणि वरून झिजत जातो. त्याच्याबरोबर आपली मेंदीही जाते. तळहाताचा हा थर जाड, म्हणून तिथं रंग गडद चढतो.

आता ठेचा. हिरव्या मिरच्या हातानं चुरल्या की पुढे दोन-तीन तास बोटांची आग होते. पाण्यानं हात कितीही धुवा, आग थांबत नाही. कारण मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आपल्या कातडीच्या त्या वरच्या थरात पेशींच्या मधोमध स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. त्यातून हे तिखट वाट काढतं आणि खालच्या नसांपर्यंत पोचतं. (म्हणून आधी हाताला तेल चोळावं आणि मग साबण लावावा. आग लवकर उतरते.) याच तिखटाची पट्टी २००९ साली अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झाली. नागीण बरी झाल्यावरही जी जीवघेणी आग मागे राहते, तिच्यावर डॉक्टर ती लावतात.

म्हणजे एक वस्तू वरच अडकली आणि दुसरी आत शिरली. हे कोण ठरवतं?

आमच्या कंधारचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. भोवती खंदक, दगडी तट आणि भक्कम दरवाजे. अशा जुन्या दरवाज्यांना एक दिंडी असते. मोठा दरवाजा बंद असला तरी दिंडीतून एकेक माणूस वाकून आत जाऊ शकतो. घोडा जाऊ शकत नाही, हत्तीचं तर नावच नको. कातडीचंही तसंच आहे. तिचा वरचा थर केसाहूनही पातळ, पण तट म्हणून फार चिवट. मेलेल्या पेशी म्हणजे दगड आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. त्या चुन्यातून जायचं, तर औषधाचा कण लहान हवा आणि त्याला तेलाशी थोडं जमवून घेता यायला हवं. शास्त्रज्ञ कणाचं वजन डाल्टन या मापात मोजतात. साधारण ५०० डाल्टनच्या आतला कण दिंडीतून जातो, असा त्यांचा ढोबळ नियम आहे. तंबाखूतलं निकोटिन १६२, मिरचीतलं तिखट ३०५. आणि मधुमेहाचं इन्सुलिन? जवळजवळ ५८००. हा हत्ती झाला!

आणखी एक अट आहे. दिंडीतून गर्दी जात नाही. दिवसाकाठी काही मिलिग्रॅम जातील, एवढंच. म्हणून ज्या औषधाची अगदी चिमूटभर मात्रा पुरते, त्याचीच पट्टी होऊ शकते. तापाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. तिची पट्टी करायची, तर अंगभर चादरच गुंडाळावी लागेल!

अशी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाली. प्रवासात गाडी लागू नये म्हणून कानामागे चिकटवायची. नाण्याएवढी गोल, आणि काम तीन दिवस. मग १९८० नंतरच्या काळात हृदयविकाराची, पाळी थांबलेल्या बायकांसाठी संप्रेरकाची आणि पुढे तंबाखू सोडवणारी निकोटिनची पट्टी आली.

गोल, चिकट, कातडीला लावायची. तुम्हांला टिकली आठवली असेल ना? आपल्या महाराष्ट्रातच हा विचार एकदा झाला आहे. २०१५ साली सिंगापूरच्या ग्रे या जाहिरात संस्थेनं नाशिकच्या नीलवसंत मेडिकल फाउंडेशनच्या साथीनं ‘जीवन बिंदी’ नावाची टिकली काढली. टिकलीच्या मागे आयोडिनचा लेप. खेड्यापाड्यांतल्या बायका रोज टिकली लावतातच, तर तिच्यातूनच त्यांना आयोडिन मिळावं, ही कल्पना. नाशिकच्या आसपासच्या गावांत या टिकल्या वाटल्या गेल्या. आयोडिन कमी पडलं तर गलगंड होतो, आणि गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. तेव्हा कळकळ खरी होती. बाईला वेगळं काही करायला न लावता तिच्या सवयीतच औषध बसवायचं, हे मला फार आवडलं.

पण इथंही तोच प्रश्न उभा राहतो. किती? मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, गरोदर बाईला २५०. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) आयोडिनची वाफ होऊन ते हवेतही उडतं. एकीचं कपाळ घामेजतं, दुसरीचं कोरडं. एक टिकली दिवसभर ठेवते, दुसरी दुपारी न्हाताना काढून आरशाला चिकटवते. मग कोणाच्या अंगात किती गेलं, हे कसं सांगणार? त्यापेक्षा आयोडिनचं मीठ सोपं. ग्राहकाच्या हातात पडताना एका किलोत किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन हवं, असा कायदाच आहे. तेव्हा मिठाचा डबा झाकून ठेवा आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला. कल्पना कितीही सुरेख असली तरी मापाशिवाय ती औषध होत नाही, हे मला या टिकलीनं शिकवलं.

माप म्हणजे काय, ते मी आमच्या घरात पाहिलं.

सासूबाईंना मिश्रीची सवय होती. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती बायकांना होती! तोंडाचा कॅन्सर झाला. उपचार झाले, वर्षभर बरं गेलं आणि मग दुखणं उलटलं. शेवटी शेवटी पाण्याचा घोटही गिळवेना, मग गोळी कुठली गिळणार? रात्र रात्र त्या भिंतीला टेकून बसून असायच्या. नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हा फेंटॅनिल नावाच्या औषधाची पट्टी लिहून दिली. हे औषध मॉर्फिनच्या जातीचं, पण त्याच्या कितीतरी पट जालीम. कण लहान, तेलाशी जमणारा आणि मात्रा अगदी थोडी. दिंडीतून जायला जणू घडवलेलंच.

सासूबाईंनी पट्टी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, “माझं दुखणं एवढं मोठं अन् ही एवढीशी. हिला कसं झेपंल गं माय?”

पट्टीवर ‘२५’ असा आकडा होता. तासाला २५ मायक्रोग्रॅम. पट्टी तीन दिवस, म्हणजे ७२ तास ठेवायची. सवयीनं मी कागदावर गुणाकार केला. तीन दिवसांत सगळं मिळून १.८ मिलिग्रॅम औषध अंगात जाणार! मिठाच्या काही कणांएवढं.

डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच बजावली होती. पट्टी लावली की लगेच दुखणं थांबणार नाही. औषध आधी कातडीत साठतं, मग रक्तात उतरतं. त्याला बारा ते चोवीस तास लागतात. तेवढ्यापुरतं पातळ औषध त्यांनी दिलं होतं. पहिली रात्र कठीणच गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावून आत आले, तर सासूबाई भिंत सोडून आडव्या झाल्या होत्या. झोप लागली होती. मी कितीतरी वेळ त्यांचा श्वास पाहत तिथंच उभी राहिले.

गिळलेलं औषध पोटातून आधी यकृताकडे जातं. यकृत म्हणजे अंगातला जकात नाका. प्रत्येक मालातला थोडा भाग तिथं कापून घेतला जातो. काही औषधांचा तर बहुतेक माल नाक्यावरच संपतो. पट्टीतलं औषध हा नाका टाळून सरळ रक्तात जातं, आणि गोळीसारखं एकदम चढून उतरत नाही. थेंब थेंब गळणाऱ्या माठासारखं एका गतीनं जात राहतं. दुखण्याला डोकं वर काढायला फट मिळत नाही.

पण एवढ्या जालीम औषधाला शिस्तही तेवढीच लागते. लावल्याची तारीख आणि वेळ मी पेनानं लिहून ठेवत असे. दर वेळी जागा बदलायची, कातडी कोरडी हवी, खरचटलेली नको. पट्टी कात्रीनं कापायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिच्याजवळ शेक द्यायचा नाही. एकदा जाऊबाई गावाहून आल्या. मायेनं गरम पाण्याची पिशवी भरून सासूबाईंच्या खांद्याला लावायला निघाल्या. मी हात धरून थांबवलं. उष्णतेनं कातडीतलं रक्त वाढतं आणि औषध भराभर आत जातं. ठरलेलं माप मग ओलांडलं जाऊ शकतं आणि माणसाचा श्वास मंदावतो. अंगात ताप भरला तरी हेच होऊ शकतं, म्हणून ताप आला की डॉक्टरांना लगेच कळवायचं.

दुसरी काळजी लहान मुलांची. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची. “आजीची टिकली पाठीवर का?” म्हणून तिनं विचारलं, तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. वापरून काढलेल्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. उचलून अंगाला चिकटवल्यानं किंवा तोंडात घातल्यानं परदेशात लहान मुलांचे जीव गेले आहेत. म्हणून काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, झाकणाच्या डबीत टाकायची, डबी कुलपात. पुढच्या खेपेला त्या मोजून दवाखान्यात परत. धाकटीला मी मांडीवर घेऊन सगळं समजावून सांगितलं. मुलांना नुसतं “हात लावू नकोस” म्हटलं, तर हात जातोच.

सासूबाई पुढे अडीच महिने होत्या. दुखणं हटलं नाही, पण आवाक्यात राहिलं. त्या शुद्धीत होत्या, नातवंडांशी बोलत होत्या. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी मला पापडखाराचं प्रमाण सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. दुखण्यानं पिळवटलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. घरात कोणी अशा अवस्थेत असेल, तर “आता काय, सोसायचंच” असं म्हणू नका. वेदना कमी करणं हाही उपचार आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. २०१४ साली कायद्यात बदल होऊन अशी औषधं रुग्णाला मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

माझ्या नणंदबाई लातूरला असतात. त्या रोज इन्सुलिनची सुई घेतात. पट्टी पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, “वहिनी, मग आमच्या इन्सुलिनची अशी पट्टी का नाही गं?”

उत्तर तुम्हांला आता ठाऊक आहे. हत्ती दिंडीतून जात नाही. पण ही अडचण सोडवायला निघालेल्यांत आपल्या सोलापूरचे एक गृहस्थ अग्रभागी आहेत, हे वाचून मला फार अभिमान वाटला. डॉ. समीर मित्रगोत्री. मुंबईच्या यूडीसीटीतून १९९२ साली ते रसायन अभियंता झाले आणि अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये रॉबर्ट लँगर या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली गेले. १९९५ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी काय केलं? आवाजाच्या लहरी वापरल्या. सोनोग्राफी आपल्यापैकी बहुतेकींनी गरोदरपणात करून घेतली आहे. तीही कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचीच, पण सेकंदाला लाखो कंपनांची. मित्रगोत्रींनी कंपनं उतरवून सेकंदाला २० हजारांवर आणली. अशा लहरींनी कातडीवरच्या द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्या धक्क्यांनी ‘चुन्याची’ वीण थोडा वेळ सैल होते. प्रयोगशाळेत ठेवलेल्या मानवी कातडीतून त्यांनी अशा रीतीनं इन्सुलिन पलीकडे नेऊन दाखवलं. दरवाजा फोडला नाही, घटकाभर किलकिला केला, एवढंच.

याच तत्त्वावरच्या एका उपकरणाला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. सुई टोचण्याआधी कातडी बधिर करणारं मलम त्यामुळे लवकर मुरतं. मित्रगोत्री आता हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. नुसती चिकटवायची इन्सुलिनची पट्टी मात्र अजून बाजारात आलेली नाही. नणंदबाईंना मी तसंच सांगितलं. पट्टीच्या आशेवर सुई चुकवू नका. आणि ‘मधुमेह बरा करणारी पट्टी’ अशा जाहिराती दिसल्या तर पैसे मोडू नका.

दुसरी एक वाट आहे सूक्ष्म सुयांची. पट्टीच्या मागे केसाच्या जाडीच्या आसपासच्या इवल्या इवल्या सुया. त्या फक्त वरचा तट ओलांडतात, खालच्या दुखऱ्या नसांपर्यंत फारशा पोचत नाहीत. आफ्रिकेतल्या गांबियात लहान मुलांना गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीनं देऊन पाहिली. तिचे निष्कर्ष २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. इंजेक्शनाइतकाच चांगला परिणाम दिसला. अशी लस आपल्या अंगणवाडीत आली, तर लसीच्या दिवशीचा कल्लोळ किती कमी होईल!

आता नाण्याची दुसरी बाजू. डॉक्टरांनी मोजून दिलेलं जसं आत जातं, तसं न मोजलेलंही जातं. कातडीला औषध आणि विष यांतला फरक कळत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. रंग उजळावा म्हणून कोणीतरी सुचवलेली ट्यूब तिनं चार महिने चेहऱ्याला लावली. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खुलला. मग गालांवर लालसर जाळं, पुटकुळ्या, हनुवटीवर लव, आणि ट्यूब बंद केली की आग. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. १९६७ साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख या डॉक्टरांनी मोजून पाहिलं होतं, की तेच स्टिरॉइड हाताच्या आतल्या बाजूनं जेवढं आत जातं, त्याच्या सहापट कपाळातून आणि तेरापट जबड्याच्या कातडीतून जातं. म्हणजे हाताच्या खरजेवर चाललेलं मलम चेहऱ्याला चालेलच असं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा चौदा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरीही ट्यूब ‘शेजारणीनं दिली’ म्हणून घरात येतेच. चिठ्ठी नसेल तर ती चेहऱ्यापासून लांब ठेवा. मुलगी सावळी आहे, म्हणून तिची कातडी पणाला लावू नका.

आणि आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्या शेतीची गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष श्वासातून गेलं, तसं भिजल्या कपड्यांतून, उघड्या पाठीतून, घामेजल्या कातडीतूनही गेलं. आमच्याकडेही कापूस आणि सोयाबीन असतं. फवारणीहून आलेल्या माणसानं आधी साबणानं आंघोळ करावी, मग चहा. ते कपडे घरातल्या कपड्यांत, विशेषतः बाळाच्या दुपट्यांत, मिसळू नयेत. रबरी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवावेत. कपडे धुणारे हात आपले असतात, हे विसरू नका. डोकं दुखणं, मळमळ, लाळ सुटणं, अंधुक दिसणं, असं काही झालं तर औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर दुप्पट जपा. वजनाच्या मानानं बाळाच्या कातडीचं क्षेत्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे तेच बोटभर मलम त्याला कितीतरी जास्त होतं. वर घट्ट लंगोट बांधला की ते आणखी मुरतं. कापराचा उग्र बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलाला चोळू नका. साध्या तेलाचं मालीश पुरेसं आहे. आणि टिकलीच्या जागी कपाळावर पांढुरका डाग दिसू लागला, तर टिकली लगेच बंद करा. तिच्या मागच्या डिंकातली काही रसायनं कातडीचा रंग घालवतात. थोडे दिवस कुंकू लावा किंवा कपाळ मोकळं ठेवा, आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

आपल्या घरात तोंडावाटे जाणारं औषध आपण दहादा पाहून देतो. चमचा भरला की नाही, जेवणाआधी की नंतर, तारीख उलटली का. कातडीला लावायच्या वस्तूला मात्र आपण “वरून तर लावायचंय” म्हणून सोडून देतो. या दिवाळीच्या साफसफाईत औषधांचं कपाट काढाल, तेव्हा मलमांच्या अर्धवट ट्यूबाही बाहेर काढा. नाव वाचा. कोणासाठी, कोणत्या दुखण्यावर आणि किती दिवसांसाठी आणली होती, ते आठवून पाहा. आठवलं नाही तर ती ट्यूब कपाटात परत ठेवू नका.